पुलावर मी काय पाहिलं

पोनिजो मेरापी ज्वालामुखीचा डोंगर सोडायला तयारच नव्हता, असं पार्यादी दिवसातून सात-आठ वेळा सांगतो. जीप थांबली की पर्यटकांना घेऊन तो भावाच्या जळक्या घरात शिरतो. आत वितळलेले पेले आणि गायींची हाडं मांडून ठेवली आहेत. "माझा थोरला भाऊ म्हणाला, मेरापी आजोबांनी आपल्याला पोसलं, त्यांना टाकून मी कुठं जाऊ?" इथं त्याचा आवाज भरून येतो. बायका डोळे पुसतात.

समोर माझी चहाची टपरी, आणि शेजारी वागियमची. पोनिजोची बायको ती. चिकट भाताच्या वड्या आणि आंबवलेल्या सोयाबीनचे गोड टेंपे विकायची. ही गोष्ट कानावर पडायला लागली की ती पंख्याने निखाऱ्यांना जोरजोरात वारा घालायची.

खरं काय झालं ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. उद्रेकाच्या आठवडाभर आधी गवत कापताना पोनिजोच्या पायात विळा घुसला. उभंही राहता येत नव्हतं. उद्रेकाच्या दुपारी भोंगा वाजला तेव्हा पार्यादी मोटारसायकल घेऊन आला. म्हणाला, "आधी वहिनीला सोडतो, मग तुला नेतो."

"लवकर ये रे," पोनिजो म्हणाला. "मला भीती वाटतेय."

वागियमला पुलाशी सोडून पार्यादी लगेच वर गेला. मी पुलावरच होते. थोड्याच वेळात तो परत खाली आला, तर मागची जागा रिकामी आणि हँडलला होल्याचा पिंजरा. त्याचं स्वतःचं घर वाटेतच लागायचं. स्पर्धा जिंकणारा पक्षी होता तो, जीव होता त्याचा त्याच्यावर. "धर हा," म्हणत त्याने पिंजरा माझ्या हातात कोंबला आणि गाडी पुन्हा वळवली. पण तोवर वरून राखेचा तापलेला लोट सुटला होता. सैनिकांनी त्याला अडवलं. तो रस्त्यात बसून हंबरडा फोडत होता, हेही मी पाहिलं. ते खोटं नव्हतं.

कितीतरी वर्षं वागियम गप्प राहिली. दिराने तिला नव्या वसाहतीत घर मिळवून दिलं होतं, टपरीची जागाही त्यानेच जीपवाल्यांच्या मंडळाकडून मिळवून दिली होती. पण गेल्या कोरड्या मोसमात एक मोठा घोळका आला आणि पार्यादीने गोष्टीत भर घातली. "मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. म्हटलं, दादा, चल. त्याने मला हाकलून दिलं."

पंखा खाली पडला. वागियम उठून थेट घोळक्यात शिरली.

"कुठल्या पायावर डोकं ठेवलंत, भावजी? कापलेल्या की धडक्या?"

पार्यादीचा चेहरा उतरला. "वहिनी, नंतर बोलू."

"नंतर कशाला? तो वाट बघत बसला होता तुमची! आणि तुम्ही पाखरू घेऊन आलात!"

लोकांनी मोबाइल वर धरले. पार्यादी त्यांच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "माफ करा. भाऊ गेल्यापासून हिचं असंच होतं."

वागियमने माझ्याकडे बघितलं. "तू सांग गं यांना. पिंजरा तुझ्याच हातात होता ना?"

माझा जावई पार्यादीची जीप चालवतो. तो समोरच उभा होता, मान खाली घालून. माझ्या लेकीला सातवा महिना होता.

"राख उडत होती," मी म्हणाले. "मला काही नीट दिसलं नाही."

 वागियमने निखाऱ्यांवर पाणी ओतलं, वड्या केळीच्या पानात बांधल्या आणि पायीच खाली निघून गेली. जीपवाल्यांच्या मंडळाने दुसऱ्या दिवशी तिची जागा मला दिली. नको म्हणायला तोंड उघडलं होतं मी, पण म्हटलं नाही. आता पार्यादीच्या गोष्टीत, नवऱ्याच्या दुःखाने वेडी झालेली बायकोही असते. त्याला बक्षिशी जास्त मिळते.

नातू झाला. बाराव्या दिवशी धीर करून मी वागियमकडे गेले. तिने चटई टाकली, चहा दिला. मी रडले. म्हणाले, "वागियम, तू म्हणशील त्याच्यापुढं मी खरं सांगते."

लहानपणापासून आम्ही एकमेकींना अगं-तुगं करत आलो. तिने शांतपणे माझ्याकडे पाहिलं आणि पाहुण्यांशी बोलावं तशा आदराच्या बोलीत म्हणाली, "आपण कशाला त्रास घेता? चहा घ्या. निवतोय."

मी चहा प्यायले. निघताना ती दारापर्यंत आली, रिवाजाप्रमाणे वाकली, आणि माझी पाठ वळायच्या आत तिने दार लावून घेतलं.