जामीनदाराचं पुण्यानुमोदन

देवराव तायडे वारले तेव्हा त्यांच्या नावावर जुन्या शहरात दोन खोल्या, एक न्हाणीघर आणि पावणेचार लाखांचं कर्ज होतं. खोल्या त्यांनी बांधल्या होत्या. कर्ज त्यांनी काढलं नव्हतं. त्यांनी फक्त सही केली होती.

पाटबंधारे खात्यातल्या कारकुनांची ती रीतच होती. पतसंस्थेत तू माझा जामीन, मी तुझा. चहा पाजावा तशी सही द्यायची. बावीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या भगवंतरावांना देवरावांनी तशीच दिली. भगवंतरावांनी पैसा उचलला, घरावर दुसरा मजला चढवला, दोन हप्ते भरले आणि सापडेनासे झाले. म्हणजे नोटिशीला सापडेनासे. पानठेल्यावर आणि लग्नाच्या पंगतीत ते रोज सापडत.

तिसऱ्याच दिवशी पतसंस्थेचा वसुलीवाला गोपाल घरी आला. "भेटाले आलो, ताई," म्हणाला आणि पिशवीतून संमतीपत्र काढलं. देवरावांची लेक नीलम अमरावतीला सरकारी दवाखान्यात नर्स. तिनं कागद दोनदा वाचला. तिच्या पगारातून महिना आठ हजार, कर्ज फिटेपर्यंत.

"मी काहून सही करू?"

"घर तुमाले भेटून राहिलं ना. मंग घरासंगं हेबी येते."

"आन् ज्यानं पैसा उचलला तो?"

"त्यायचा पत्ता लागत नाही जी. नोटीस तीनदा वापस आली. तुमाले जमत नसन तं संस्था घर जप्तीत घेईन."

आतल्या खोलीत नीलमची आई इंदूबाई गुडघे धरून बसली होती. या छपराशिवाय तिला दुसरं छप्पर नव्हतं. नीलमनं कागदाची घडी केली. "रविवारी बाबाचं पुण्यानुमोदन हाय. जेवाले या, तवाच सांगीन."

रविवारी मांडवात दोनशे माणूस. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, मग एकीकडे ताटं वाढली गेली आणि एकीकडे माइकवर आदरांजली सुरू झाली. तिसरे उठले ते भगवंतराव. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोळ्याला रुमाल.

"देवराव मले सख्ख्या भावाहून जास्त होते. असा माणूस पुन्हा होणे नाही!"

हे मात्र खरं, नीलमच्या मनात आलं. इतकी स्वस्त सही पुन्हा कुठं मिळायची?

"त्यायच्या स्मृतीत मी विहाराले पाच हजार एक रुपये दान देतो!"

"साधु, साधु, साधु," मंडळी म्हणाली.

नीलमच्या बापानं शेवटच्या वर्षी पेन्शनीतून या माणसाचे अकरा हप्ते भरले होते. त्यापायी डोळ्याचं ऑपरेशन दोनदा पुढं ढकललं आणि शेवटी लेकीला आवाजावरून ओळखायची पाळी आली. तिनं माइक घेतला.

"जयभीम. काका, बसू नका. गोपालभाऊ, ताट ठेवा खाली. तुमचा हरवलेला कर्जदार हाच ना?"

गोपालच्या ताटातली बुंदी सांडली. "हो जी. हेच."

"पोरी, मयताच्या घरी हे बोलाची जागा हाय काय?" भगवंतराव कडाडले.

"मयत माझा बाप हाय, काका. जागा मीच ठरवीन. तुमचे अकरा हप्ते त्यानं आपल्या डोळ्याच्या पैशातून भरले. आन् तुमी त्याच्याच नावानं दानशूर होऊन राहिले? भन्तेजी, हे पाच हजार एक यायच्याच कर्जखात्यात भरले तं चालन?"

भन्तेजी भगवंतरावांकडे वळले. "विहाराची हरकत नाही."

"साधु!" मागून शेजारची चतुराबाई एकटीच ओरडली आणि मांडव हसला.

गोपालजवळ पावतीपुस्तक होतंच. वसुलीवाला जेवायला गेला तरी ते घरी ठेवत नाही. नीलमनं बिनसहीचं संमतीपत्र त्याच्या पिशवीत परत खोचलं आणि पुस्तक भगवंतरावांपुढं धरलं. "नाव. रक्कम. सही. आन् पत्ता तुमच्या हातानं. पुढची नोटीस वापस नाही आली पाहिजे. आता आदी त्या घरावर जा, गोपालभाऊ, मंग इकडं या."

दोनशे जणांसमोर नोटा मोजाव्या लागल्या. भगवंतराव घाम पुसत लिहू लागले. गल्ली लिहिली, घर नंबर लिहिला आणि पेन ठेवला.

मांडवाच्या खांबाला टेकलेली इंदूबाई बोलली, "वरचा मजला बी लिवा म्हण, नीलम. तोच तं आपल्या माणसाच्या सहीवर चढला."