उताणं पिल्लू

लोकरीचा काळा दोरा – नातीच्या घोट्यावरचा, आपल्याच मेंढीच्या लोकरीतून बानूबाईंनी वळलेला – चार महिन्यांत घट्ट झाला होता. गाठ सैल करायला हवी... पण देवमासे दाखवायला समुद्रात आणलेली बोट लाटांवर हलत होती, मांडीवर नात राजेश्वरी झोपली होती, आणि शेजारी बसलेली लेक मोनिका सकाळपासून एकाच प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत होती.

"सोमवारी हिला पाळणाघरात ठेवून कामावर जायचं. चुकतंय का गं माझं, आई?"

लेकीच्या बाळंतपणासाठी सोनारीहून ऑस्ट्रेलियात आलेल्या बानूबाईंचं परवा परतीचं विमान होतं. त्याआधी सांगायलाच हवं. 'नोकरी सोड' – शब्द तयार होते, घरून निघतानाच भाकरीसारखे बांधून आणलेले.

तेवढ्यात पाणी फुगलं. देवमाशाचं पिल्लू वर आलं, गावाकडच्या खोपटाएवढं, आणि आभाळाकडे पोट करून पसरलं.

"अगं मोने, उताणं पडलं की! उठवा कुणीतरी!" नातीला छातीशी धरून बानूबाई अर्धवट उठल्याच. उताणी पडलेली मेंढी आपली आपण उठत नाही. पोट फुगून मरते.

मोनिका हसली. "आई, ही मेंढरं न्हाईत. खेळतंय ते."

"मग त्याची आई कुठाय?"

मोनिकानं बोटवाल्याला विचारलं. "खालीच हाय म्हणतो, विसावा घेतीय. पिल्लाला लई येळ श्वास धरवत न्हाय, म्हणून ते एकटंच वर येतं."

खाली... बानूबाईंना आठवलं, मीही तेव्हा खालीच होते. ओढ्यात मेंढी उताणी पडलेली, वर बाभळीला झोळी, झोळीत चार महिन्यांची मोनिका रडत होती – आणि मी आधी मेंढीकडे धावले. मेंढीला उभी करून धापा टाकत वर आले, तर पोर मूठ चोखत निजलेली. हे कुणाला सांगितलं नाही, तिच्या बापालाही नाही. सोनारीच्या भैरोबाला तेवढं ठाऊक. त्याच मेंढरांच्या जिवावर ती शिकली, इथवर आली, मलाही घेऊन आली... उपकार मानावेत ते कुणाचे? त्या बाभळीचे, की न रुसलेल्या पोरीचे?

पिल्लू बुडालं. पाण्यावर एक गुळगुळीत वर्तुळ उरलं.

"येतंय बघ परत," मोनिका म्हणाली.

"व्हय."

बानूबाईंनी दोऱ्याची गाठ सोडली, बोट मावेल एवढी ढील देऊन पुन्हा बांधली. मग बांधून आणलेले ते शब्द शोधले – सापडले नाहीत. सापडली ती झोळीची गोष्ट; आता लेकीला तीच सांगायची होती. वर्तुळ विरत चाललं होतं. त्या बघत राहिल्या, आणि वाट बघताना आज पहिल्यांदाच जीव वर-खाली होत नव्हता.