सरकारी ओट्यावरचा ठसका

घर माझ्या नावावर आहे हे मी वीस वर्षं कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. माझ्या वडिलांना जावयाचा भरवसा नव्हता, म्हणून धुळ्याच्या गल्लीतलं हे घर त्यांनी थेट मला दिलं. पण अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी ते भिंतीवर गेरूनं लिहूनच टाकलं: ‘घरमालकीण पार्वताबाई यांच्या हुकमानं घरात बिडी बंद.’

कारण आमचे हे. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण राग आला की मी घेते. सुपडू! हा माणूस दिवसाला दोन बंडलं फुंकायचा. मला खोकला, डोळ्यांना पाणी, उशीलासुद्धा बिडीचा वास. डॉक्टर म्हणाले, धुरापासून लांब राहा. मला धुरापासून लांब राहायचं होतं, ह्यांच्यापासून नाही. पण ते सांगायचं राहून गेलं आणि हुकूम तेवढा लिहिला गेला.

ह्यांनी मुकाट्यानं बंडल उचललं आणि ओट्यावर जाऊन बसले. तिथं शेजारचा भिकन आणि रिटायर पोस्टमन तोताराम भाऊ होतेच. आता तिघांचा धूर खिडकीतून आत यायचा, आणि हे फक्त जेवायला यायचे. रेडिओवर चांगलं गाणं लागलं तरी मी एकटीच ऐकायची. फार जीव जळायचा माझा.

शेवटी तिघांनाही तिथून उठवायला मी खिडकीतून ओरडले, “ओटाबी मनाच शे! उठा बठ्ठा!”

तोताराम भाऊ जागचे हलले नाहीत. “अक्का, कागद दखाड. ओटा कोना शे ते मोजणीवाला सांगी.”

मी कसली माघार घेते! मोजणीचा अर्ज मीच दिला. मोजणीवाला आला, त्यानं साखळी ताणली, नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि माझ्या उंबऱ्यालगत खडूनं रेघ मारली. रेघेच्या आत माझं. बाहेरचा अख्खा ओटा रस्त्यात, म्हणजे सरकारचा. इतकी वर्षं मी सरकारच्या ओट्यावर शेवया वाळवत होते! भिकननं खुशीत मोजणीवाल्याला बिडी दिली आणि त्या मेल्यानं ती तिथंच पेटवली.

“सरकारी जागा शे,” हे मला म्हणाले. “आठे तुना हुकूम चालस नही.”

हात दाखवून अवलक्षण झालं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. डोळे पुसते तर समोर मसाल्याच्या मिरच्यांचं पोतं. मग डोक्यात आलं, ओटा माझा नाही तसा बिडीवाल्यांचाही नाही. तो सगळ्यांचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आणि गल्लीतल्या धुरपदाबाई, लताबाईनं आपापली मिरच्यांची पोती आणून ओट्यावर तीन शेगड्या मांडल्या. नाकाला ओला पदर बांधला आणि कढयांत मिरच्या भाजायला घेतल्या. बिडीवाले आधी हसले. मग भिकन लागोपाठ नऊ वेळा शिंकला.

“अक्का, बंद कर हाऊ धूर!” तोताराम भाऊ धोतराच्या सोग्यातून ओरडले. “तब्येतले त्रास व्हई ऱ्हायना!”

“सरकारी जागा शे, भाऊ,” मी म्हणाले.

ते दोघे मारुतीच्या पाराकडे पळाले. हेही जाणार असं मला वाटलं आणि माझा हात कढईवरच थांबला. पण हे उंबऱ्याशी उभे राहिले. डोळ्यांतून धारा लागलेल्या. हातातली बिडी त्यांनी गटारीत टाकली.

“मी घरमा येऊ का?”

वीस वर्षांत ह्या माणसानं मला काही विचारून केलं नव्हतं. “या,” मी म्हणाले, आणि मागोमाग आत गेले. हे खाटेवर बसले. मी पाणी दिलं.

“बाहेर तुनाबिगर करमत नही,” हे म्हणाले.

मला खूप काही बोलायचं होतं, पण ठसका लागला. खिडकीतून मिरचीचा लोट सरळ घरात येत होता. मी धुरपदाबाईला कढई उतरवायला सांगितलं. ती म्हणाली, ओटा कोणाचा आहे ते काल मोजून झालंय, आणि तिचं अजून अर्धं पोतं बाकी आहे.

मग आम्ही दोघं तोंडावर एकच ओला टॉवेल धरून दुपारपर्यंत खाटेवर बसून राहिलो.