मूळ नसलेली दाढ

दोन हजार वर्षांपूर्वीची दाढ पाहायला सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दाढ काचेच्या डबीत, डबी मखमलीवर आणि मखमलीमागे धर्मगुरू. ही आद्य सिद्धांची दाढ म्हणे इतकी वर्षं किडली नव्हती. भक्तांच्या मेंदूबद्दल तसं सांगता येत नव्हतं.

धर्मगुरूंनी ती चिमट्याने मेणबत्तीच्या ज्योतीत धरली, काजळी पुसली. पांढरीशुभ्र.

"तुमचा-आमचा दात कोळसा झाला असता."

"हिला मूळ कसं नाही?" कोणीतरी विचारलं.

"विरक्ताचं मूळ कशात रुतणार?"

"आणि खाली भोक?"

"त्यातून प्राण गेले."

माना डोलल्या. नाक-तोंड मोकळं असताना प्राणांनी ही वाट का धरली, हे कोणी विचारलं नाही.

पहिल्या रांगेत एक सासूबाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. अंगात ताप. चार दिवस त्या दाढ बुडवलेल्या पाण्याच्या गुळण्या करत होत्या. शेजारी जावई, तो कवळ्या बनवायचा.

"आई, पू मानेत उतरला तर श्वास कोंडेल, असं डॉक्टर म्हणालेत. चला आता."

"जावईबापू, तुम्ही खोटे दात करणारे. खऱ्यातलं तुम्हाला काय कळणार?"

"खऱ्यातलं नाही. खोट्यातलं कळतं."

धर्मगुरूंनी आशीर्वादापुरती दाढ सासूबाईंच्या तळहातावर ठेवली. जावयाने पिशवीतून मेणाची पट्टी काढली. तिच्यावर आठ दाढा ओळीने बसलेल्या. त्यातली एक उपटून त्याने धर्मगुरूंच्याच चिमट्याने ज्योतीत धरली, गार केली, पुसली. पांढरीशुभ्र. ती त्याने सासूबाईंच्या तळहातावर सिद्धांच्या दाढेशेजारी ठेवली.

"चिनीमाती आहे, आई. बशी कधी जळते का? हे भोक कारखान्यातच ठेवतात. कवळीचा गुलाबी भाग त्यात शिरला की दाढ निसटत नाही. आणि मूळ कुठून येणार? ही हिरडीत कधी उगवलीच नाही."

"नक्कल ती नक्कल," धर्मगुरू हसले.

जावयाने सासूबाईंची मूठ मिटून खुळखुळवली. "मग ओळखा. सिद्धांची कोणती?"

धर्मगुरूंनी दोन्ही दाढा निरखल्या. बराच वेळ निरखल्या. मग डोळे मिटले.

"आता दोन्हींत सिद्धांचा अंश उतरला आहे."

लोक दुसऱ्या दाढेसाठीही रांग लावू लागले.

"मग घरच्या बशाही आणू का?" सासूबाई सुजल्या तोंडाने म्हणाल्या आणि उठल्या. "जावईबापू, कुठे बसतात तुमचे डॉक्टर?"

त्यांची दाढ दुपारी निघाली. तिला दोन मुळं होती. खऱ्या दाढेला असतात. म्हणून दर्शनाला ठेवलेली वस्तू आधी उलटी करून पाहावी. हात काय, नंतरही जोडता येतात.