उलटी उघडलेली चोपडी

मी चोपडी बोलतेय. विलायतेत जन्मले, म्हणून लोक मला इंग्रजी चोपडी म्हणतात. पण माझ्या पोटात अक्षर एकही नाही. इंग्रजी नाही, मराठी नाही, उर्दू नाही. नुसती चित्रं. ज्या लेकरांना अजून वाचता येत नाही त्यांच्यासाठी मला काढलेलं. म्हणजे मी जन्माचीच अडाणी. अडाण्याला लिहून ठेवता येत नाही, सगळं डोक्यातच साठवावं लागतं. म्हणून मला आठवतं, आणि आठवतं तेच कडू लागतं.

माझा चितारी तिकडे नावाजलेला होता. पोरांच्या साप्ताहिकात तो वांड मुलांची चित्रं काढायचा. मास्तरच्या खुर्चीला डिंक लाव, बाईच्या टोपीत बेडूक ठेव, असलं. लोक पोट धरून हसायचे. पण माझ्या वेळेला त्याला काय झालं होतं कुणास ठाऊक, त्यानं हसण्यासारखं काही काढलंच नाही.

माझी गोष्ट एवढीच. अस्वलाचं घर आहे. बाप, आई आणि लाल गळपट्टा घातलेलं पिल्लू जेवायला बसलेत, वाटीतून वाफ निघतेय. मग बाप उठतो, पेटी भरतो, टेकडी उतरून बंदरावर जातो. पिल्लू त्याचं बोट धरून मागे. बाप बोटीवर चढतो. बोट लांब जाते, लहान होते, ठिपका होते. शेवटच्या पानावर पिल्लू धक्क्यावर एकटं उभं, आणि समोर नुसता समुद्र.

माझ्या चिताऱ्याला चित्रावर सही करायची सवय नव्हती. सहीच्या जागी तो प्रत्येक चित्रात एक गोगलगाय काढायचा. माझ्यातही आहे. पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात, मग पानागणिक थोडी थोडी पुढे, शेवटच्या पानावर उजव्या टोकाला. मागे तिची चिकट रेघ.

असली गोष्ट कोण आई आपल्या पोराला विकत घेऊन देईल? मी खपले नाही. माझ्या बहिणींचा लगदा झाला. थोड्या उरलेल्या खोक्यात भरून तिकडच्याच एका गोदीबाहेर हातगाडीवर आल्या, जुने वस्तरे आणि आरसे यांच्या शेजारी. तिथून मला वाजिदनं उचललं.

वाजिद रोह्याच्या मोहल्ल्यातला. बोटीच्या पोटात भट्टीला कोळसा घालायचं त्याचं काम. साहेब हा देश सोडून गेला होता, पण साहेबाच्या बोटींना कोळसा घालायला आमच्याच किनाऱ्यावरची माणसं लागत होती. वाजिद घरी आला आणि त्यानं मला पोरीच्या हातात दिलं. अनीसा तिचं नाव, पुढचे दात पडलेले. थोडे दिवस राहून तो पुन्हा बोटीवर गेला तो गेलाच. कुणी म्हणालं बुडाला, कुणी म्हणालं कुठल्याशा बंदरात गोऱ्या बाईबरोबर घर केलं. खरं काय ते ना बोट सांगे ना समुद्र. घरात रडायलाही धड कारण नव्हतं, मेला म्हणावं तर खबर नाही, जगला म्हणावं तर माणूस नाही.

अनीसाला मराठी शाळेत कुणी घातलं नाही. मोहल्ल्यात पोरींना शिकवणाऱ्या एका बीकडे कुराण वाचायला मात्र जायची. तिथं चोपडी उजवीकडून उघडतात. बाप गेल्यावर पोरीनं मलाही तशीच उघडली. माझ्यावरचं नाव बोटीतल्या ओलीनं कधीच गळून पडलं होतं, पुढचं कुठलं नि मागचं कुठलं हे सांगणारं काही उरलं नव्हतं.

तिनं उघडलेलं पहिलं पान म्हणजे माझं शेवटचं. धक्क्यावर एकटं पिल्लू.

"ही मी," ती म्हणाली.

मग पान उलटलं, तर समुद्रात ठिपका. आणखी एक उलटलं, ठिपक्याची बोट झाली. बोट मोठी होत होत धक्क्याला लागली. बाप उतरला, पिल्लाचं बोट धरून टेकडी चढला, घरी येऊन पेटीतून कपडे काढले, आणि शेवटी सगळे जेवायला बसले. वाटीतून वाफ.

"आला," म्हणाली आणि मला मिटून उराशी धरली. त्या दिवसापासून वाजिदचं घरी येणं माझ्यात होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं.

लग्न होऊन ती पेणला आली, तेव्हा कपड्यांच्या पेटीत मी होते. सासूनं विचारलं, "ह्ये काय आणलंस गो?"

"माज्या बावाची चोपडी."

"अस्वलं हायत हिच्यात."

"असूदे. माणसापरीस बरी हायत."

सासूनं मला पेटीत परत ठेवलं. तिचा लेक कसा होता ते तिलाच ठाऊक.

शेजारी पुतळी राहायची. तिचा नवरा मिठागरावर, तीही उन्हाळ्यात मिठाच्या पाट्या वाही. संध्याकाळी पाय धुऊन आली की अनीसाच्या पडवीत बसायची, दोघींची पोरं भोवती. मग माझी गोष्ट निघायची. आता उलट्या गोष्टीत भोकं तर पडणारच. पण अनीसाकडे प्रत्येक भोकाला ठिगळ होतं.

"खाला, बोट पाठमोरी का येते?" पुतळीचं पोर विचारायचं. अनीसा त्याची खाला, म्हणजे मावशी.

"गलबत धक्क्याला लावताना वळवून लावतात. तुला काय ठावं."

"आनी बाबा बोटीकडं तोंड करून मागं मागं का उतरतो?"

"दोस्तांना सलाम करतोय. इतकी वर्सं एकत्र खाल्लंय, पाठ फिरवून कसा येईल?"

"माजा नवरा बी असाच मागं मागं चालत येतो," पुतळी म्हणायची, "पन त्यो दोस्तांमुळं नाय, ताडीमुळं."

"आनी ही गोगलगाय?"

"रुसलीय ती. तोंड फिरवून चाललीय."

पोरं मोठी झाली. कुणी धाटावला कंपनीत लागलं, कुणी दुबईला गेलं. अनीसाचा नवरा वारला. तरी ती अधूनमधून मला काढायची, ऐकायला पुतळी असो नाहीतर कुणी नसो. तिला कळत होतं की बावा असता तर आता शंभरी पार झाला असता. ते वेगळं. माझ्यात तो येत होता.

आणि मग मला शोधणारा आला.

कमळाकर त्याचं नाव, राहणारा ठाण्याचा. माझ्या चिताऱ्याचं वेड त्याला लहानपणी लागलेलं. त्याची वांड पोरांची चित्रं सगळ्यांकडे आहेत. कमळाकरला हवी होती ती, जी कुणालाच ठाऊक नाहीत. एका जुन्या साप्ताहिकात त्यानं माझी बोटभर जाहिरात पाहिली होती. विलायतेला विचारलं, तर म्हणाले एकही प्रत उरली नाही, थोड्या गोदीबाहेर खलाशांना विकल्या होत्या. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. यानं खलाशांची गावं शोधायला घेतली. श्रीवर्धन, मुरूड, रोहा. दारोदार जाऊन विचारायचा, "घरात विलायती चित्रांचं जुनं पुस्तक आहे का?" लोकांनी काय काय दाखवलं त्याला. सिमेंट कंपनीची कॅलेंडरं, शिवणाच्या मशीनचं माहितीपत्रक, एकानं तर लग्नाचा अल्बमच मांडीवर ठेवला आणि जेवायच्या वेळेपर्यंत सोडलं नाही.

रोह्यात तो अनीसाच्या माहेरी पोचला. तिच्या भावाचा मुलगा अस्लम म्हणाला, "अस्वलांची चोपडी ना? ती फुफीकडं हाय, पेनला." दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपवून त्यानं कमळाकरला मोटरसायकलवर घातलं आणि नागोठण्यावरून थेट अनीसाच्या पडवीत आणून उतरवलं. पुतळी तिथंच बसली होती, चवळी निवडत.

अनीसानं मला आणून दिलं. कमळाकरनं आधी रुमालानं हात पुसले, मग मला घेतलं. डाव्या कोपऱ्यात गोगलगाय दिसली. डोळे भरून आले त्याचे. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या चिताऱ्याची खूण ओळखणारा पहिला माणूस तो.

"आपा," तो म्हणाला, "जगात हे एकच उरलंय बहुतेक."

"चांगली गोष्ट हाय," अनीसा म्हणाली. "द्या हिकडं, सांगते." आणि तिनं मला उजवीकडून उघडलं. "ह्ये बघा पोर. बापाची वाट बघतंय."

"नाही नाही, आपा, ते शेवटचं पान."

"शेवटचं कसं? हिथनं तर चालू होते."

"तुम्ही उलटं वाचताय." त्यानं मला वळवली, डावीकडून उघडली. माणूस वाईट नव्हता. लहान पोराला शिकवावं तसं हळूहळू एकेक पान दाखवत गेला. "हे जेवतात. हा पेटी भरतो. निघाला. बोटीत चढला. आणि बोट गेली."

"तो येतोय," अनीसा म्हणाली.

"जातोय. ही गोगलगाय बघा ना. तिची रेघ कुठंय? मागे. म्हणजे ती इकडून तिकडे गेली. गोगलगाय उलटी चालत नाही."

"आमच्या मिठागरात खेकडे आडवे चालत्यात," पुतळी चवळीतून मान वर न काढता म्हणाली. "त्यांना कोन इचारत नाय, तुमी शेवटापासून चालताव का सुरवातीपासून."

अस्लम हसला. कमळाकरही हसला. अनीसा हसली नाही. तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं, पानामागून पान उलटत नेलं. पहिल्यांदाच डावीकडून. बोट ठिपका झाली, तिथं अनीसा थांबली.

"म्हंजे शेवटी पोर एकलंच?"

"हो," कमळाकर म्हणाला. त्याचा आवाज भारावलेला. "तेच तर त्याचं मोठेपण, आपा. लहान मुलांना खोटं न सांगणारा दुसरा नाही झाला. जाणारा जातो, हे त्यानं सांगून टाकलं."

अनीसानं पान उलटलं, त्या एकट्या पिल्लावर बोट ठेवलं. मग अस्लमकडे वळली.

"तुज्या आज्याला लिवता येत नव्हतं, ठावं हाय ना?"

"व्हय फुफी."

"म्हनून ही दिली. जायचं ठरवूनच आलता तो. मला सांगून गेला, बाय मी जातो, परत येनार नाय. साहेबाच्या चोपड्या कुठनं उघडतात ते त्याला म्हाईत होतं, साहेबाच्या बोटीवर जन्म गेला त्याचा. आनी मी येडी, आयुष्यभर त्याला उलटा चालवून घरी आनत बसले."

"असं नाय फुफी," अस्लम म्हणाला.

"आसंच हाय." तिनं मला मिटलं आणि कमळाकरच्या मांडीवर ठेवलं. "घेऊन जा तुमी."

कमळाकर गडबडला. तो मागायलाच आला होता, पण असं मिळेल हे त्याला वाटलं नसावं. म्हणाला, "मी हिच्या चित्रांचे फोटो काढून तुम्हाला नवीन पुस्तक करून देतो."

"नको. त्ये बी नको."

"फुफी, आज्याची निशानी हाय ती," अस्लम म्हणाला.

"निशानी न्हवती रे. निरोप होता. आज पोचला."

पुतळीचे हात सुपात थांबले. "तुला काय गो झालंय," ती म्हणाली, "भायेरचा मानूस काय सांगतो, आनी तू ऐकतेस." पण अनीसा उठून आत गेली होती. कमळाकर अवघडून दारात थोडा वेळ उभा राहिला, मग मला पिशवीत घालून अस्लमच्या मागे बसला.

आता मी ठाण्यात आहे. काचेच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवीमुळे ओल लागत नाही, हातही लागत नाही. कमळाकरनं माझ्यावर लेख लिहिला, लांबून लांबून लोक येतात. तो हातमोजे घालून मला डावीकडून उघडतो, शेवटच्या पानाशी सगळे उसासा टाकतात, वा म्हणतात आणि चहा पितात. मला हवा होता तसा मान मिळाला. गोष्ट सरळ वाचली जाते. बाप दर खेपेला जातो.

पण एक गोष्ट मला ठाऊक आहे आणि कमळाकरच्या लेखात ती नाही, कारण ती माझ्याखेरीज कुणीच पाहिलेली नाही. वाजिदनं मला कधी उघडलंच नाही.

त्या दिवशी बोटीचा भोंगा झाला होता आणि तो धावत होता. हातगाडीशी थांबला, म्हणाला, "लडकी के वास्ते." गाडीवाल्याला त्याचं बोलणं कळलं नाही, त्यानं वस्तरा पुढे केला. वाजिदनं हात कमरेएवढा खाली धरून पोरीची उंची दाखवली. तेव्हा त्या माणसानं मला कागदात गुंडाळलं, वर सुतळी बांधली, गाठ मारली. ती गाठ समुद्रभर तशीच राहिली. रोह्यात अनीसानं दाढेखाली धरून तोडली. घरी होता तेवढ्या दिवसांतही वाजिदनं मला हातात घेतलं नाही. माझ्या पोटात घर आहे की बंदर, बाप जातो की येतो, वाजिदला ठाऊक नव्हतं. त्यानं निरोप दिला नव्हता. पोरीसाठी खाऊ आणावा तशी मला आणली होती.

तो पुढे कुठे गेला ते मला ठाऊक नाही. बुडाला असेल, कुठे राहिलाही असेल. पण माझ्या हातून त्यानं पोरीला काही कळवलं नाही, एवढं मी छातीठोक सांगेन. सांगणार कशानं? चिताऱ्यानं मला तोंड दिलं नाही.

अनीसा आहे अजून. अस्लम मध्ये एकदा कमळाकरकडे आला होता, त्याच्या बोलण्यात आलं. फुफीचं बरं चाललंय म्हणाला. पडवीत बसते. पुतळीनं गोष्ट सांग म्हटलं, तर म्हणते, मला कुठली गोष्ट येते.

तुम्ही वाचणारी माणसं आहात, तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे. पेणला जाणं झालं तर मोहल्ल्यात अनीसाचं घर विचारा, कुणीही दाखवील. माझं नाव सांगायची गरज नाही. तिला एवढंच सांगा, सुतळीची गाठ तिनंच पहिल्यांदा तोडली होती. लवकर जा. ती थकलीय, आणि ज्यांनी कुणी तिला सांगायला हवं होतं, ते आम्ही सगळे गप्प बसणारे निघालो.