पडलो तर पडलो

मी शिशाचा शिपाई बोलतोय. उंची तुमच्या अंगठ्याएवढी, वजन मात्र उंचीला न शोभणारं. मला खेळणं म्हणाल तर मला राग येतो, आधीच सांगून ठेवतो. आमच्या टेबलावर मोठी माणसं फुटपट्टीनं अंतर मोजतात आणि बोटभर जागेसाठी चहा थंड होईपर्यंत भांडतात. याला खेळणं म्हणतात होय?

जन्म काही दिमाखाचा नाही माझा. आधी मी मासे धरायच्या जाळ्याला खाली बांधलेलं शिसं होतो. सडक अर्जुनीजवळच्या एका तळ्यात नुसतं बुडायचं नि वर यायचं, एवढीच नोकरी. जाळं फाटलं तेव्हा सुभेदार हुकुमचंद राहांगडाले मला मागून घेऊन गेले. फौजेतून निवृत्त होऊन ते गावी धानाची शेती बघत होते, पण हातांना चैन नव्हती. त्यांनी मला चुलीवर कढईत वितळवलं आणि प्लास्टरच्या साच्यात ओतलं.

त्यांच्या बायकोनं, म्हणजे जमुनाकाकींनी, कढई बघितली आणि कपाळावर हात मारला. "माही भाजीची कढई होती ना ते! आता हिच्यात तुमच्या फौजेलेच वाढा जेवाले!"

डोळे रंगवायला मात्र काकीच बसल्या, कारण सुभेदारांना जवळचं नीट दिसत नाही. आगपेटीच्या काडीनं रंगवताना माझा एक डोळा मोठा झाला. त्यामुळे मी कायम कुणाला तरी दटावतोय असं वाटतं. हळूहळू स्वभावही तसाच झाला.

आमचं टेबल आणि रणांगण म्हणजे ओसरीवर दोन स्टुलांवर आडवं टाकलेलं एक जुनं दार. फौजेत असताना सुभेदार जमिनीवर वाळूचे डोंगर आणि नद्या करून जवानांना हल्ला समजावून सांगायचे. ती सवय सुटली नाही, वाळूच्या जागी दार आलं एवढंच. धानाच्या कोंड्याची शेतं, निळ्या फितीची नदी आणि तिच्यावर लाकडी पट्टीचा पूल. दोन फौजा आळीपाळीनं चाल करतात, गोळी लागली की हुकली ते फासे ठरवतात, आणि ज्याचा शिपाई पुलावर पोचून उभा राहिला त्यानं डाव जिंकला.

दर रविवारी दोन गडी यायचे. एका वेळी दोघं खेळायचे, तिसरा बाजूला बसून बघायचा. एक चुन्नीलाल, सुभेदारांच्याच पलटणीतले निवृत्त नाईक. आता हायवेवर त्यांचा ढाबा आहे, पण सुभेदारांसमोर अजून पाठ ताठ करून बसतात. दुसरी चुन्नीलालची भाची प्रेरणा. ती गोंदियाच्या कॉलेजात गणित शिकवते. आमच्यात वर्दी न घातलेली ती एकटीच.

वर्दी घातलेला माणूस आणि न घातलेला माणूस एकच डाव किती वेगळा खेळतो, ते मी उभ्या उभ्या बघितलंय. सुभेदार डाव सुरू होण्याआधी आम्हाला रांगेत उभं करून हुकूम ऐकवतात. शिशाला! एकदा हुकूम दिला की पुढे खड्डा दिसला तरी बदलत नाहीत. चुन्नीलाल समोरून तोफ आली की खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःची मान खाली घालतात. प्रेरणाचं तसलं काही नाही. ती शांतपणे आपले दोन-तीन शिपाई मरू देते आणि पूल घेऊन मोकळी होते.

"हिनं माणूस मरताना कुठं पायला," चुन्नीलाल कुरकुरायचे.

"मंग मामा, फौजीच काऊन हरून राहिले?" ती विचारायची. सुभेदार मिशीत हसायचे.

सुभेदारांचा एक नियम होता: टेबलावर जो शिपाई पडला, तो मेला. गोळी लागून पडो, बाहीनं पडो, पंख्याच्या वाऱ्यानं पडो. चुन्नीलाल दर वेळी कोपरानं आम्हाला आडवं करायचे आणि गुपचूप उभं करायचे, त्याला कंटाळून हा नियम आला. आपला शिपाई आपणच उचलायचा, हेही त्यातच. एकदा प्रेरणाची ओढणी लागून तिची निम्मी फौज झोपली. पोरगी रडवेली झाली. सुभेदार म्हणाले, "मेले." एका शब्दात विषय संपला. तेव्हापासून ती ओढणी कमरेला गच्च बांधून खेळायला बसते.

मग मागच्या वर्षी, धान कापून झाल्यावर, सुभेदारांच्या उजव्या अंगाला लकवा मारला.

गोंदियाच्या दवाखान्यातून ते परत आले तेव्हा पाय ओढत चालत होते. बोलणं सावकाश झालं होतं, पण साफ होतं. उजवा हात तेवढा ऐकत नव्हता. काकी रोज सकाळी त्यांच्या मुठीत कणकेचा गोळा द्यायच्या. ते दात-ओठ खाऊन दाबायचे, गोळा खाली पडायचा, ते पुन्हा मागायचे. मी कपाटावरच्या डब्यातून ऐकायचो. माझ्या जिवाला जे वाटायचं ते कुणाला सांगू? शिशाला जीव नसतो म्हणतात. म्हणू द्या.

एका रविवारी ते म्हणाले, "दार मांडा."

"साहेब, डाव्या हातानं खेळा ना," चुन्नीलाल म्हणाले.

"डाव्या हातानं सॅल्यूट होते का बे?"

"मंग नियम बदलू. पडला तर उभा करू. घरचाच तर खेळ आहे."

सुभेदारांनी मान हलवली. "नियम माहा आहे. माह्यासाठी बदलला तर मी गडी नाही, पेशंट झालो. हा हात वळला तर खेळीन. नाही वळला तर सारे शिपाई पोरीले देऊन टाकीन आन् खाटेवर पडून राहीन."

काकी दारात उभ्या होत्या. त्या आत जाऊन कणकेचा गोळा घेऊन आल्या.

तेव्हापासून दर रविवारी आमची कत्तल. सुभेदारांच्या चिमटीत सापडलो की आधी आभाळ थरथरायचं, मग जमीन. मला ठेवून हात मागे घेताना कुठलं तरी बोट अडायचं आणि मी धाडकन आडवा. शेजारचे दोघं माझ्यासोबत. शत्रूची गोळी यायच्या आधीच आमची निम्मी फौज गारद. सुभेदार स्वतःच "मेला" म्हणायचे आणि तितक्याच कष्टानं आम्हाला उचलून आमच्या डब्याच्या झाकणात ठेवायचे. चुन्नीलाल मान वळवून रस्त्यावरचे ट्रक बघायचे. शिव्या मला देता येत नाहीत, नाहीतर त्या लकव्याला मी सोडलं नसतं.

आणि एका रविवारी, समोर प्रेरणाची फौज असताना, गंमतच झाली. एकामागून एक चाल होत गेली, आणि आमच्यातले चौघं नदीपर्यंत जिवंत पोचले. पूल समोर. चाल सुभेदारांची. त्यांनी मला उचललं. ओठ आवळले, श्वास रोखला आणि मला पुलाच्या मधोमध ठेवलं. दोन्ही पाय लाकडाला टेकले. कानशिलावरून घाम ओघळला तसा तो पुसायला त्यांनी डाव्या हातानं गमछा तोंडावर घेतला. उजवा हात मागे येत होता. करंगळी माझ्या बंदुकीत अडकली.

मी पडलो.

सुभेदारांच्या तोंडावर गमछा होता. त्यांना दिसलं नाही. चुन्नीलालना दिसलं. पापणी लवायच्या आत त्यांनी हात पुढे केला आणि मला उभं केलं. त्यांच्या जागी कुणीही फौजी असता तर त्यानं हेच केलं असतं. आपला माणूस पडला की उचलायचा, हेच त्यांना शिकवलेलं.

गमछा खाली आला. पुलावर मी उभा.

"उभा राहिला!" सुभेदार ओरडले. काकी धावत बाहेर आल्या आणि त्यांनी हातच जोडले. मला असं मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणून सांगू! इतका खोटा मी आयुष्यात उभा राहिलो नव्हतो. चुन्नीलाल प्रेरणाकडे डोळ्यांनी विनवण्या करत होते.

प्रेरणा माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काकाजी, तो पडला होता. मामानं उभा केला."

काकींचे जोडलेले हात खाली आले.

"एवढं बोलाची का गरज होती वं?" काकींचा आवाज फुटला.

"छातीत दगड आहे तुह्या!" चुन्नीलाल उठलेच. "एक डाव त्यायनं जिंकला असता तर तुहं का जात होतं?"

प्रेरणाचे डोळे भरले, पण तिनं मान खाली घातली नाही. "माही ओढणी लागली तवा काकाजीनं मले सोडलं नव्हतं मामा. म्हणून तर मी येऊन राहिली. मले लेकरू समजून सोडलं असतं, तर दुसऱ्या रविवारी आलीच नसती."

सुभेदार चुन्नीलालकडे वळले. "तू केलं?"

"हो साहेब."

"मी मेलो नाही अजून, चुन्नी. मले आतापासून कायले गाडून राहिला?"

चुन्नीलाल खुर्चीत बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. सुभेदारांनी आपला थरथरता हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मग मला उचललं, झाकणात ठेवलं आणि म्हणाले, "मेला. पोरी, चाल तुही."

तिनं चाल केली. दया केली नाही. उरलेल्या तिघांना तोफेनं उडवून पूल घेतला. आम्ही साफ हरलो.

आणि सुभेदार हसले. लकव्यानंतर पहिल्यांदा, तोंड एका बाजूला वाकडं होत होतं तरी पोट धरून हसले. "इतके दिवस सारे माही सेवा करून राहिले होते," ते म्हणाले. "माह्यासोबत खेळली ते एकटी तू. मांड पुन्हा. आन् तोफ आणखी पुढं आण."

आता मी झाकणात आडवा आहे. बंदुकीचं टोक वाकलंय, टोपीचा रंग उडालाय. वर तो हात येताना दिसतोय, पानासारखा हलणारा. तुम्ही जवळ बसला असाल तर मदतीला येऊ नका, हात जोडून सांगतो. या सुभेदारसाहेब, सावकाश या. शंभरदा पाडा मला. पण मला दुसऱ्या कुणाला उचलू देऊ नका.