आधी तू ठेव

मी एक जुना, काळा टेलिफोन आहे. वयाची साठी कधीच उलटली. पण मित्रांनो, एवढ्या आयुष्यात मला एकदाही खरा फोन आलेला नाही. हसू नका. ज्याचं जळतं त्याला कळतं.

कारखान्यात माझ्या पाठीवर रंगाचे चार फुगे आले, म्हणून तपासनीसाने मला नापासांच्या खोक्यात टाकलं. तिथून एका नाटक कंपनीच्या सामानवाल्याने मला उचललं. रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू जमवायच्या आणि सांभाळायच्या हे त्याचं काम. त्याने माझं पोट उघडून आतली घंटा, पितळेच्या पट्ट्या, तारांची जाळी, सगळं काढून घेतलं आणि मी टेबलावरून सरकू नये म्हणून तळाला आतून लोखंडाचा तुकडा चिकटवला. माझी वायर फक्त दोन हात लांब. तिचं टोक तो गालिच्याखाली दडपून टाकायचा. वाजण्याचं काम विंगेतल्या एका बटणाकडे होतं. तिकडे बटण दाबलं की घंटा वाजायची आणि सगळे प्रेक्षक माझ्याकडे बघायचे. फुकटचं श्रेय कुणाला नको असतं?

ते नाटक सोळा वर्षं चाललं. त्यात एक आई होती आणि घर सोडून गेलेला तिचा मुलगा. तिसऱ्या अंकात त्याचा फोन येतो. तो आता कधीच परत येणार नाही, हे ती त्याच्या बोलण्यातून ओळखते. तसं बोलून मात्र दाखवत नाही. "जेवलास का?" एवढंच विचारते. शेवटी म्हणते, "ठेव आता. नाही, आधी तू ठेव." तो ठेवत नाही. मग तीच रिसीव्हर खाली ठेवते, टक् आवाज होतो आणि अंधार. पडदा.

आईचं काम करणाऱ्या नटीला सगळी कंपनी 'बाई' म्हणायची. बाईंचा आवाज असा, की कुजबुजल्या तरी शेवटच्या रांगेत पोचायचा. फोन कानाला लावताना त्या कोपर थोडं बाहेर काढायच्या, म्हणजे चेहरा झाकला जाऊ नये. दुःख दिसायचं ते खांद्यांतून, पाठीतून, कारण डोळ्यांतलं पाणी पंधराव्या रांगेतून कुणाला दिसणार? रंगमंचाची रीतच ती. छोटी गोष्ट मोठी करायची आणि तरी ती खरी ठेवायची.

पण बाईंचं खरं गुपित खिडकीच्या पडद्यामागे बसायचं. तो त्यांचा थोरला भाऊ. बाई त्याला दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणतो. तो प्रॉम्प्टर होता. नट वाक्य विसरला की आडून हळूच शब्द पुरवायचा, हे त्याचं काम. शब्द देण्याआधी तो दोनदा बारीक खोकायचा. खुक् खुक्. नटाला कळायचं, मदत आली. प्रेक्षकांना वाटायचं, आपल्यातलंच कुणीतरी खोकलं.

तालमीत बाई एकदा वैतागल्या होत्या. "दादा, बंद फोनशी किती वेळ बोलू रे? पलीकडे कोणी नाही, हे माझ्या तोंडावर दिसतं."

"मग मी असतो की पलीकडे," दादा म्हणाला. "मुलाची वाक्यं मी म्हणेन. तू बोलायची घाई करू नकोस, चिमणे. आधी ऐक. बोलतं कोणीही. ऐकता आलं की निम्मा अभिनय झाला."

तेव्हापासून दर प्रयोगाला मुलाची वाक्यं दादा म्हणायचा. इतकी हळू, की ती बाईंना आणि मलाच ऐकू यायची. बाई टक् करून रिसीव्हर ठेवायच्या, मगच तो आपली वही मिटायचा. मित्रांनो, त्या चार मिनिटांत मी खराखुरा टेलिफोन व्हायचो. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

अकराव्या वर्षी एका प्रयोगाच्या दिवशी दुपारी दादा गेला. जेवण करून आडवा झाला तो उठलाच नाही. संध्याकाळची तिकिटं विकली गेली होती. बाई तोंड धुऊन, रंग लावून उभ्या राहिल्या. तिसऱ्या अंकात घंटा वाजली, त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला, आणि पलीकडे काहीच नव्हतं. मला त्यांच्या कानाचा थंडपणा जाणवला. मग त्यांचं बोट रिसीव्हरच्या गुंडाळीच्या वायरवर आलं. एक वळसा, दुसरा, तिसरा, चौथा. इतक्या वेळात मुलाचं पहिलं बोलणं व्हायचं. मग त्यांनी आपलं वाक्य म्हटलं. पुढच्या बोलण्याला दोन वळसे, शेवटच्याला पाच. अकरा वळशांत सगळा फोन संपला.

टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या. बाई ऐकत नाहीत, मोजताहेत, हे कुणालाच कळलं नाही. मला त्या टाळ्यांची भीती वाटली.

पुढची पाच वर्षं बाई वळसे मोजत राहिल्या. मग नाटक बंद पडलं, मी पेटीत गेलो आणि माझ्या तबकडीच्या भोकांत झुरळांनी संसार थाटले. किती वर्षं गेली कोण जाणे. एक दिवस पेटी उघडली. त्या नाटकावर सिनेमा निघत होता, आणि आईच्या कामासाठी त्याच बाईंना बोलावलं होतं. केस पांढरे झाले होते. मला बघताच त्यांनी पदराच्या टोकाने माझी तबकडी पुसली. "तू आहेस अजून?" एवढंच म्हणाल्या. मला रडू आलं असतं, पण रिकाम्या पोटातून काय येणार?

सिनेमाचं काम म्हणजे सगळा उलटा कारभार. दिव्यांची सोय म्हणून फोनवरचं बोलणं आधी घेणार आणि मुलगा घर सोडून जातो ते दोन दिवसांनी. वरातीमागून घोडं. जमिनीवर चिकटपट्टीची फुली होती, बाईंचा पाय तिथेच पडायला हवा. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

पहिल्याच वेळी बाईंनी नेहमीसारखा आवाज टाकला आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाने कानावरचे हेडफोन ओरबाडून काढले. दुसऱ्या वेळी त्यांचं कोपर चौकटीबाहेर गेलं. दिग्दर्शक मवाळ स्वभावाचा होता. जवळ येऊन म्हणाला, "बाई, इथे शेवटची रांग नाही. सगळं थिएटर कॅमेऱ्याच्या या काचेत बसलंय. तुम्ही काही दाखवू नका. मनात आलं की ती आपणहून बघते."

बाईंनी आवाज खाली आणला, हात आवरले. तरी जमेना. निर्माता दारात उभा होता. शेजारच्या खोलीत दुसऱ्या एक नटी त्याच राखाडी साडीत, रंग लावून बसल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर काम त्यांच्याकडे, असं ठरलं होतं. बाईंना ते माहीत होतं. सोळा वर्षं जगलेली आई त्यांच्या हातून जाणार होती.

"स्वतःचं एखादं दुःख आठवून बघा," दिग्दर्शक म्हणाला. "बरेच जण तसं करतात. त्या दिवशीचा वास, उजेड, हातात काय होतं, असं एकेक आठवायचं. भावना मागून येते."

"माझं दुःख मी घरी ठेवून येते हो," बाई म्हणाल्या. "कामावर नाही आणत."

मग नोंदी ठेवणाऱ्या सहायक बाईंना मुलाची वाक्यं वाचायला बसवलं. त्यांनी ती किराणा मालाची यादी वाचावी तशी वाचली. शेवटी दिग्दर्शकाने बाईंना छोट्या पडद्यासमोर नेलं आणि त्यांचाच चेहरा दाखवला. दर वळशाला डोळ्यातली बाहुली कणभर हलत होती. टिक्. टिक्. टिक्.

"तुम्ही काहीतरी मोजताय," तो म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. "पंधराव्या रांगेतून हे दिसत नव्हतं हो कधी."

"इथे दिसतं."

त्याने माझी गुंडाळीची आणि दोन हातांची, दोन्ही वायरी टेबलामागे चिकटवून टाकायला सांगितल्या. आता मोजायला काही उरलं नाही.

"शेवटचा टेक," दिग्दर्शक म्हणाला. "बाई, यावेळी नुसतं ऐका."

"काय ऐकू? बंद फोन आहे हा."

"मग तेच ऐका."

बाईंनी रिसीव्हर कानाला लावला. इतकी वर्षं त्या का मोजत होत्या, ते मला तेव्हा कळलं. मोजत होत्या तोवर पलीकडची सामसूम ऐकावी लागत नव्हती. दादा नाही, हे ऐकावं लागत नव्हतं. आता त्या ऐकू लागल्या. कॅमेरा चालू होता, कुणी श्वासही मोठा घेत नव्हतं. वेळ गेला. आणखी गेला. बाई पहिलं वाक्यच विसरल्या. त्यांच्या डोळ्यांत मला ते लख्ख दिसलं.

आणि माझ्यातून आवाज आला. खुक् खुक्.

मित्रांनो, शपथेवर सांगतो, तो मी काढला नाही. माझ्या पोटात लोखंडाच्या तुकड्याशिवाय काही नाही. पण रिसीव्हरची वाटी उबदार झाली, कुणीतरी तोंड जवळ आणावं तशी, आणि त्या ओळखीच्या हलक्या आवाजात मुलाची वाक्यं येऊ लागली. एकेक शब्द, जागच्या जागी. बाईंच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. फक्त डोळे भरत गेले. त्या बोलत होत्या, थांबत होत्या, ऐकत होत्या. त्यांनी "जेवलास का?" विचारायचं, तेवढ्यात पलीकडूनच आलं, "जेवलीस का, चिमणे?"

हे कुठल्याच वहीत नव्हतं.

"हो, जेवले," बाई म्हणाल्या. खोटंच. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. "तू जेवलास का?"

मग शेवटचं वाक्य आलं. "ठेव आता," त्या म्हणाल्या. "नाही, आधी तू ठेव."

"कट!" दिग्दर्शक ओरडला. सगळे टाळ्या वाजवू लागले, निर्माता डोळे पुसत आत आला. बाईंचं काम बाईंकडेच राहिलं. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. रिसीव्हर अजून कानालाच होता.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मला ठेवू द्या."

पण नोंदीवाल्या सहायक बाई धावत आल्या आणि त्यांनी रिसीव्हर हातातून अलगद काढून घेतला. "ठेवायचा नाही, आजी. पुन्हा घ्यायची वेळ आली तर सगळं असंच लागेल." त्यांनी रिसीव्हर माझ्या बाजूला आडवा ठेवला, फोटो काढला आणि मला एक चिठ्ठी बांधली. 'हात लावू नका.' रंगमंचावर प्रसंग पडद्यापर्यंत जातो. सिनेमात तो हवा तिथे तोडतात आणि उरलेला कुणी मागत नाही.

"कोण खोकलं?" ध्वनिमुद्रणवाला विचारत होता. सगळ्यांनी माना हलवल्या. त्याने मुद्रण परत ऐकलं, माझ्यापाशी आला, टेबलामागची दोन हातांची वायर सोडवली आणि तिचं उघडं टोक बराच वेळ हातात धरून बघितलं. मग चहा प्यायला बाहेर गेला.

मी तसाच स्टुडिओच्या गोदामात आलो. पुन्हा घ्यायची वेळ कधी आली नाही. चिठ्ठी सोडायची कुणाला आठवणही झाली नाही. गोदामाचा रखवालदार सिनेमा बघून आला तेव्हा सांगत होता, "त्या फोनच्या ठिकाणी अख्खं थिएटर मागे वळून बघतं. सगळ्यांना वाटतं, मागच्या रांगेत कोणी खोकलं. मागची रांग तर रिकामी होती."

बाई एकदा गोदामात आल्या. दारातूनच म्हणाल्या, "तो फोन जरा जागेवर ठेवू द्याल का मला? एक मिनिटाचं काम आहे."

"चिठ्ठी आहे ना आजी," रखवालदार म्हणाला. "विचारून ठेवतो साहेबांना."

तो विसरला. त्या परत आल्या नाहीत. माझा जीव कासावीस व्हायचा. मधूनच वाटीतून खुक् खुक् यायचं. बिचारा दादा! बहिणीने रिसीव्हर ठेवल्याशिवाय वही मिटायची नाही, ही त्याची शिस्त. कुणीतरी यावं, रिसीव्हर जागेवर ठेवावा आणि त्याला सोडवावं, एवढंच मी मागत होतो. तुम्हालाही तीच विनंती करायची, असं मनात ठरवून ठेवलं होतं.

पण गेल्या हिवाळ्यात रखवालदार कुणाला तरी सांगताना ऐकलं, "बाई गेल्या हो. झोपेतच गेल्या." त्याच दुपारी आडव्या पडलेल्या रिसीव्हरची वाटी उबदार झाली. पहिल्यांदा दोन्ही वाट्या. कान लावायच्या बाजूने खोकला आला आणि बोलायच्या बाजूने एक आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा, पण अगदी खाली आणलेला.

"जेवलास का, दादा?"

तेव्हापासून ते बोलताहेत. मध्येच हसतात. "ठेव आता," ती म्हणते. "आधी तू ठेव," तो म्हणतो. कोणीच ठेवत नाही.

म्हणून मित्रांनो, कधी या गोदामात आलात तर माझ्यावरची धूळ झटका, झुरळं हाकला, हवं तर माझ्या फुगेवाल्या पाठीवरून हातही फिरवा. जुन्या वस्तूला तेवढं पुरतं. पण रिसीव्हर आडवा पडलाय म्हणून उचलून जागेवर ठेवू नका. चिठ्ठी वाचा. आयुष्यभरात मला हा एकच खरा फोन आलाय.